दोरीच्या गाठीत बंदर

डोळे मिटून अशी कल्पना करा की तुम्ही एका शिडाच्या गलबतावर आहात. आफ्रिकेचा किनारा मागे टाकून तीन आठवडे झाले. पुढे पाणी, मागे पाणी, डावी-उजवीकडेही पाणीच. गोड्या पाण्याची पिंपे निम्म्याच्या खाली गेली आहेत. मोबाइल नाही आणि त्याच्या नकाशावर सरकणारा तो निळा ठिपकाही नाही. पावसाळा तोंडावर आलेला आहे आणि तो सुरू होण्याआधी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे कालिकत बंदर गाठायचे आहे. बंदर चुकले आणि किनाऱ्याला भलतीकडेच लागलात, तर वारा तुम्हाला मागे फिरू देईलच असे नाही.

अशा वेळी गलबतावरचा वाटाड्या रात्री कमरेच्या शेल्यातून एक लहानशी फळी काढतो. फळीला मध्यभागी भोक, भोकात ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. तो दोरीची एक गाठ दातांत धरतो, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर उभी करतो, उत्तरेकडे पाहतो आणि म्हणतो, "अजून एक बोट वर चढायचं आहे."

बस्स! झाले मोजमाप.

या फळीचे नाव 'कमाल'. काय, हसलात ना? पण हा तोच शब्द आहे. "कमाल आहे तुझी!" असे आपण म्हणतो, तो 'कमाल' मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ पूर्णत्व, परिपूर्णता. एका फळीला आणि दोरीला असे भारदस्त नाव! हिंदी महासागरात ये-जा करणारे अरब, गुजराती आणि इतर दर्यावर्दी शेकडो वर्षे या कमालीवर विसंबून समुद्र ओलांडत होते.

आता ही फळी नेमके काय मोजते ते पाहू.

तुम्हाला ध्रुवतारा माहीत आहे. सारे तारे रात्रभर सरकतात, पण ध्रुव जवळजवळ एका जागी असतो, हेही पुस्तकात वाचले असेल. पण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ध्रुव आकाशात किती उंचावर दिसेल, हे तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात यावर अवलंबून असते. उत्तर ध्रुवावर उभे राहिलात तर तो थेट डोक्यावर, म्हणजे ९० अंशांवर. विषुववृत्तावर गेलात तर तो क्षितिजाला टेकलेला, म्हणजे ० अंशावर. आणि मधे? मधे जो तुमचा अक्षांश, साधारण तितकीच त्याची उंची. रत्नागिरीचा अक्षांश १७, म्हणून रत्नागिरीहून ध्रुव क्षितिजाच्या वर १७ अंशांच्या आसपास दिसतो. मुंबईहून १९, कालिकतहून सव्वाअकरा, दिल्लीहून साडेअठ्ठावीस. म्हणजे ध्रुवाची उंची मोजता आली की आपण दक्षिणोत्तर कुठे आहोत ते कळले!

पण डोलणाऱ्या गलबतावर अंश मोजायचे कसे? तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक तिथे काही कामाचा नाही.

रुपयाचे नाणे घ्या. डोळ्याजवळ धरलेत तर समोरचे अख्खे घर झाकते, हात लांब केलात की घराची खिडकीसुद्धा झाकत नाही. वस्तू तीच, पण जवळ असली की जास्त अंश व्यापते आणि लांब गेली की कमी. कमालीचे सारे रहस्य यात आहे. फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवाला. नेमके तसे जुळेपर्यंत फळी पुढे-मागे करायची. ध्रुव उंच असेल तर फळी जवळ आणावी लागते, खाली असेल तर लांब न्यावी लागते. फळी किती लांब आहे हे दोरी सांगते आणि दोरीवरच्या गाठी ते लक्षात ठेवतात.

जुने दर्यावर्दी अंश म्हणत नसत. त्यांचे माप होते 'इस्बा', म्हणजे बोट. हात लांब करून आडवे धरलेले एक बोट आकाशाचा जेवढा भाग झाकते, साधारण तेवढे हे माप. पूर्ण वर्तुळाची त्यांनी २२४ बोटे केली होती, म्हणजे एक बोट सुमारे १ अंश ३६ मिनिटांचे. एका बोटाचे आठ 'झाम'. गंमत अशी की झाम हे वेळेचेही माप होते, तीन तासांच्या प्रवासाचे. आठ झाम म्हणजे २४ तास. थेट उत्तरेला एक दिवस आणि एक रात्र गलबत हाकारले की ध्रुव एक बोट वर चढतो, असा त्यांचा हिशेब. एका अंशाचे समुद्रावरचे अंतर १११ किलोमीटर धरून तुम्हीच गुणाकार करा. दिवसाला १७८ किलोमीटर येतात, म्हणजे ताशी सुमारे साडेसात. शिडाच्या गलबताला अगदी शोभणारी चाल! तारा, वेळ आणि अंतर असे एकाच मापात बसवणाऱ्यांना आम्ही शिक्षक तरी पैकीच्या पैकी गुण देऊ.

गलबताला वाट दाखवणाऱ्या या जाणकाराला अरबीत 'मुअल्लिम' म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. (हे वाचून माझी कॉलर किती ताठ झाली म्हणून सांगू!)

एक मुअल्लिम इतिहासात फार गाजला, पण त्याचे खरे नाव आजही वादात आहे. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरात आला. पुढचा समुद्र त्याला अनोळखी होता. मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला. २४ एप्रिलला जहाजे निघाली. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला तीन अंशांवर आहे, म्हणजे तिथून ध्रुव दिसतच नाही. पुढच्या रविवारी कित्येक महिन्यांनी ध्रुवतारा पुन्हा दिसला, याची त्या सफरीच्या रोजनिशीत मुद्दाम नोंद आहे. १८ मे रोजी उंच डोंगर दिसले आणि २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगर टाकून उभी राहिली. सुमारे साडेतीन आठवड्यांत समुद्र पार!

हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक अहमद इब्न माजिद, असे पूर्वी बऱ्याच पुस्तकांत छापून येई. इब्न माजिद मोठा माणूस होता यात शंका नाही. नौकानयनावर त्याने ग्रंथ लिहिले, पद्यातही लिहिले. पण आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की तो वाटाड्या इब्न माजिद नव्हता. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश त्याला गुजरातचा म्हणतो. याच बारुशने एक मजेदार प्रसंग लिहून ठेवला आहे. वास्को द गामाने मोठ्या ऐटीत आपले लाकडी ॲस्ट्रोलेब त्या वाटाड्याला दाखवले. हे ताऱ्यांची उंची मोजायचे युरोपी यंत्र. पण तो मुळीच चकित झाला नाही. आम्हीही तारे मोजतो, पण आमचे साधन वेगळे, तीन फळ्यांचे, असे त्याने सांगितले. तीन फळ्या का? तर तारा उंच असेल तेव्हा मोठी फळी, खाली असेल तेव्हा छोटी. दोनच वर्षांनी, १५०० साली, पोर्तुगीजांचे पुढचे आरमार निघाले, तेव्हा त्यातल्या एका वैद्याने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून आपल्या राजाला पत्र लिहिले. त्यात 'हिंदुस्थानच्या फळ्यां'चा उल्लेख आहे. म्हणजे आपली फळी जहाजात बसून ब्राझीलपर्यंत पोहोचली होती! चिनी नाविकांकडेही बारा फळ्यांचा असा संच होता आणि तेही बोटांतच मोजत.

मग युरोपात ही फळी का रुजली नाही? लंडनहून ध्रुव साडेएक्कावन्न अंशांवर दिसतो. तिथे फळी अगदी नाकाजवळ धरावी लागेल आणि एका अंशाचा फरक दोरीवर इतका बारीक पडेल की गाठीला गाठ चिकटेल. आपल्याकडे ध्रुव खाली असतो, म्हणून गाठी मोकळ्या मोकळ्या पडतात. कमाल ही उष्ण समुद्रांचीच लेक.

फळी नेहमी लाकडाची असे असेही नाही. ब्राह्मी लिपी वाचणारा जेम्स प्रिन्सेप तुम्हाला इतिहासात भेटला असेल. त्याने १८३६ साली अरबांच्या नौकानयनाच्या साधनांवर एक टिपण छापले. त्यातली कमाल शिंगाची आहे, जेमतेम दोन इंच लांब आणि एक इंच रुंद, आणि दोरीला गाठी नऊ. आगपेटीपेक्षा लहान वस्तू आणि तिच्यावर गलबतातल्या सगळ्यांचा जीव! पुढे १८५० साली काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, म्हणजे आताच्या तमिळनाडू-आंध्रच्या बाजूच्या नाविकांची अशीच फळी वर्णन केली. तिच्या दोरीवरच्या गाठी चक्क बंदरांच्या होत्या. एक गाठ म्हणजे एक बंदर.

मला स्वतःला ही बंदरांची गाठ फार आवडते. समजा तुम्ही दाभोळचे नाखवा आहात. बंदर सोडण्याआधीच्या रात्री फळी डोळ्यांसमोर धरायची, ध्रुव आणि क्षितिज जुळवायचे आणि तिथे दोरीला गाठ मारायची. अंश नकोत, आकडे नकोत, अक्षर ओळखही नको. परत येताना समुद्रात कुठेही असा, ती गाठ दातांत धरा. फळी ध्रुवाच्या वर गेली, म्हणजे तुम्ही दाभोळच्या दक्षिणेला आहात. फळी ध्रुवापर्यंत पोहोचलीच नाही, तर उत्तरेला आहात. बरोबर जुळली, की सुकाणू पूर्वेला वळवायचे आणि सरळ चालत राहायचे. समोर दाभोळ येणार. पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत हे मात्र कमाल सांगत नाही. ते पाण्याचा रंग, पक्षी आणि समुद्रसर्प यांवरून ओळखायचे. आपला किनारा जवळ आला की पाण्यात साप दिसू लागतात, हे फार जुन्या काळापासून दर्यावर्दींना ठाऊक होते.

पंधराव्या शतकात आपल्या चौल आणि दाभोळ बंदरांत अरबस्तान-इराणकडची गलबते येत. हातभर अंतरावर धरायची १० सेंटिमीटर उंचीची फळी घेतली, तर चौल आणि दाभोळ यांच्या गाठींत अंतर पडते पावणेदोन सेंटिमीटर. समुद्रावर ते शंभर किलोमीटरांहून जास्त. आता सांगा, दोरी जराशी ताणली गेली किंवा भिजून आखडली तर काय होईल?

हे सगळे वाचल्यावर मला राहवेना. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चौथीच्या मुलांना घेऊन कमाल करायचीच असे ठरवले. तुम्हालाही करता येईल, म्हणून कृती नीट सांगते.

जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड घ्या. उंची बरोबर १० सेंटिमीटर, रुंदी सहा-सात चालेल. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन तिरक्या रेघा मारा, त्या छेदतील तिथे दाभणाने भोक पाडा. साधारण ७० सेंटिमीटर दोरा ओवा आणि मागून गाठ मारून तो अडकवा. दोरा न ताणला जाणारा हवा. आम्ही पहिल्यांदा सुती दोरा घेतला होता, तो मुलांनी ओढून ओढून लांब केला. मग जाळी विणायचा नायलॉनचा धागा आणला. फळीपासून मोजून गाठी मारा: मुंबई ३० सेंटिमीटर, पुणे ३०.७, रत्नागिरी ३३.५, कोल्हापूर ३४.१, पणजी ३६.७, कालिकत ५०.८. नागपूरकरांनी २६.८ वर मारावी आणि नाशिककरांनी २८.४ वर. गाठ मारताना दोरा खातो, म्हणून आधी पेनाने खूण करून मग गाठ त्या खुणेवर सरकवत आणा.

आता ध्रुव शोधायचा. सप्तर्षी वर आलेले असतील तर पुढचे दोन तारे पाहा, पुलह आणि क्रतु. पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जा. तिथे एकटा, बेताचाच तेजस्वी तारा दिसेल. ध्रुव फार झगझगीत असतो ही समजूत चुकीची, बरं का!

मार्च महिना. पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस. चांदणे मुद्दाम हवे होते, कारण अंधारात क्षितिजच दिसत नाही. रात्री साडेआठला मुले आणि पालक शाळेच्या मैदानात जमले. एकेकाने गाठ दातांत धरली, एक डोळा मिटला आणि फळी उभी केली. मी मनात म्हणत होते, आता साडेतेहतीस येणार.

आले ३६! कुणाचे साडेछत्तीस, कुणाचे सदतीस.

"बाई, आपण गोव्याला पोचलो!" एकजण ओरडला आणि सगळे मैदान हसले. मला मात्र हसू येईना. दोरा पुन्हा मोजला, पुठ्ठा मोजला. चूक सापडेना. पालकांसमोर फजिती ती वेगळीच.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तिथे पायरीवर बसले होते. तरुणपणी मचव्यावर तांडेल होते. इतका वेळ काही बोलले नव्हते. ते उठून आले, फळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि समोर बोट दाखवत म्हणाले, "बाई, डोंगर कशाला धरता? पाणी धरा."

मैदानाच्या उत्तरेला एक टेकाड आहे. रोज दिसते, इतके रोज की दिसेनासे झाले होते. आम्ही फळीची खालची कड टेकाडाच्या माथ्याला टेकवत होतो आणि त्यालाच क्षितिज समजत होतो. टेकाडाने दीड-पावणेदोन अंश गिळले होते. ध्रुव तेवढा खाली भासला, दोरी लांब झाली आणि आम्ही बसल्या जागी गोव्यात गेलो!

दुसऱ्या रात्री आजोबा आम्हाला गावाच्या टोकाला खडपावर घेऊन गेले. तिथून उत्तरेला खाडीच्या तोंडापलीकडे थेट पाणी दिसते. (तुम्ही रात्री अशा ठिकाणी जाल तर मोठी माणसे, बॅटरी आणि पायात बूट हवेतच. भरतीची वेळ आधी विचारून ठेवा.) चांदण्यात पाण्याची कड पुसट, पण सरळ दिसत होती. मुलांनी आळीपाळीने फळी धरली. बहुतेकांचे ३३ च्या आसपास आले. साडेतेहतीस नाही, ३३.

अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे नकाशावर किती, हे आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढले. पंचवीस-तीस किलोमीटर भरले. पुठ्ठ्याच्या तुकड्याला आणि नऊ वर्षांच्या डोळ्यांना हे वाईट नाही. थोडा दोष ध्रुवाचाही धरा. तो आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून आजही अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे आणि त्या बिंदूभोवती लहानशी फेरी मारतो. वास्को द गामाच्या काळी तर तो साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता! म्हणजे नुसते ध्रुवाकडे पाहून बंदर ठरवले असते, तर पावणेचारशे किलोमीटरपर्यंत फसगत झाली असती. म्हणून मुअल्लिम इतर तारे पाहत. कोणते नक्षत्र कुठे असताना ध्रुव फेरीत कुठे असतो, किती बोटे मिळवायची, किती वजा करायची, हे सारे त्यांना पाठ असे. फळी कुणीही करील. हा हिशेब डोक्यात असलेला माणूस मात्र मिळायला कठीण, आणि मालिंदीच्या राजाने वास्को द गामाला दिला तो असा माणूस.

खडपावरून निघताना आजोबांनी आणखी एक शहाणपणा केला. माझी आकडेमोडीची रत्नागिरीची गाठ त्यांनी तशीच ठेवली, पण तिच्या शेजारी, नातीच्या डोळ्याला ध्रुव जिथे जुळला तिथे, लाल धाग्याची दुसरी गाठ मारली. "बाय, ही आपल्या गावाची. त्या पुस्तकातल्या." गंमत बघा, त्यांना मी काँग्रीव्हच्या बंदरांच्या गाठींबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. पण ते बरोबर बोलत होते. दोरी दातांत असते आणि डोळा दातांच्या वर आणि थोडा मागे. प्रत्येकाचा चेहरा निराळा, धरायची पद्धत निराळी. पाहून मारलेल्या गाठीत या सगळ्या चुका आधीच मोजलेल्या असतात, पुस्तकातल्या गाठीत नसतात. म्हणून तुम्हीही वर दिलेल्या मापांवर थांबू नका. ती नुसती अंदाजाला. आपापल्या गावाची गाठ स्वतः पाहून मारा, रंगीत धाग्याची मारा आणि दोन्हींत किती फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा. उत्तरेला डोंगर किंवा इमारत नसेल अशी जागा तेवढी शोधावी लागेल. घाटावरच्या मुलांनो, मोठा तलाव किंवा सपाट माळ चालेल.

ती मुलगी मे महिन्यात मामाकडे डहाणूला जाणार आहे. फळी दप्तरात भरून झालीसुद्धा, निघायला अजून महिना असताना. डहाणू जवळजवळ २० अंशांवर, तेव्हा हिशेबाने तिची गाठ २८.४ च्या आसपास पडायला हवी. पण हा आकडा मी तिला सांगितलेला नाही.